एक्केचाळीस नंबरची चिठ्ठी

माझी चिठ्ठी त्या भिंतीवर चार वर्षं लटकते आहे. मुळात पिवळी होती, आता तिचा रंग मला विचारू नका. दोनदा डिंक सुटून खाली पडली, दोन्ही वेळा भावाला डबा द्यायला गेले असताना मीच उचलून परत चिकटवली. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, "डाव्या आणि उजव्या पायाचं माप वेगवेगळं निवडता यावं." खाली लाल शाईत क्रमांक, एक्केचाळीस. चिठ्ठ्या एकूण एक्केचाळीसच आहेत.

आता हे प्रकरण काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई आल्या आल्या तोंड सोडून बसली.

मी बूट-चपला बनवते. ज्यांचे दोन पाय दोन मापांचे आहेत अशा लोकांसाठी. कोणाचा पाय लहानपणच्या आजारात वाढायचाच राहिलेला असतो, कोणाचा अपघातानंतर आखडलेला. अशी माणसं साध्या दुकानात जातात, मोठा जोड घेतात आणि एका बुटात कापूस कोंबून आयुष्य काढतात. मला कोणी शिकवायला नको, माझा उजवा पाय तसाच आहे. लहानपणी आई माझ्यासाठी दोन जोड घ्यायची, एक मोठा, एक लहान. उरलेले एकेक बूट पलंगाखाली जायचे. माझा धाकटा भाऊ, बारक्या, त्या बुटांची आगगाडी करून घरभर फिरवायचा.

याच बारक्यानं अकरा वर्षांपूर्वी माझ्या कातडं कापायच्या टेबलावर बसून, तीन आठवडे माझं डोकं खाऊन, इंटरनेटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. बूट निवडा, डाव्याचं माप निवडा, उजव्याचं माप निवडा, पत्ता द्या, झालं. मी खूश. मग त्याच्या मनात आलं की ही चांगली गोष्ट सगळ्यांना फुकट द्यावी. कोणीही घ्या, कोणीही वापरा, कोणीही आत हात घालून बदला. मला त्याचा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू. लोकांनी घेतलंही. कपवाले आले, मेणबत्तीवाले आले, सायकलचे सुटे भाग विकणारे आले. आज तीन हजार दुकानं त्याच्यावर चालतात. मदतीला माणसं आली, माणसं आली म्हणून बैठका आल्या, बैठका आल्या म्हणून नियम आले. आणि या सगळ्या गडबडीत एके दिवशी माझ्या दुकानातले डावा-उजवाचे दोन रकाने गायब झाले.

मी विचारलं. बारक्या म्हणाला, "ताई, तो कच्चा नमुना होता गं. नव्या रचनेत ते बसत नाही. पण तुझ्यासाठी टिपेचा रकाना दिलाय ना. गिऱ्हाईक त्यात लिहील काय लिहायचं ते."

मला त्यातलं काय कळतंय? बसत नाही म्हणतोय तर नसेल बसत. माझी गिऱ्हाइकं टिपेत लिहायला लागली. एक शाळेतल्या बाई आहेत, दर वर्षी एक जोड मागवतात. टिपेत नेहमी एकच मजकूर असतो: "डावा ३९, उजवा ३६. कृपया फोन करू नका." मी कधी फोन केला नाही. त्यांना कोणाच्या तोंडून ते ऐकायचं नसतं, आणि कोणाला सांगायचंही नसतं. टिपेच्या रकान्यात माणूस काही बोलत नाही, नुसतं लिहितो. त्या रकान्यावर माझं दुकान आठ वर्षं चाललं.

आणि महिन्यापूर्वी बारक्याच्या मंडळाचं पत्र आलं. छापील, सगळ्यांना एकच. "नव्या आवृत्तीत खरेदीचं पान अधिक सुटसुटीत करण्यासाठी टिपेचा रकाना काढण्यात येत आहे. पाहणीनुसार हा रकाना केवळ एका दुकानात वापरला जातो."

ते एक दुकान कोणाचं, हे तुम्हाला सांगायला नको.

मी बारक्याला फोन लावला. "मी जुनंच चालवते. मला नको तुमचं सुटसुटीत."

"नाही चालणार, ताई. बँकेचं पैसे घ्यायचं जे आहे ते एक तारखेपासून जुन्या आवृत्तीला बंद होणार."

"मग माझी चिठ्ठी कर ना आधी! चार वर्षं लोंबकळतेय ती."

मग म्हणाला, "तू बैठकीला ये. माझी बहीण म्हणून माझ्याकडे मागू नकोस, वापरकर्ती म्हणून सगळ्यांसमोर माग. मला सगळे सारखे."

सगळे सारखे! ज्याची आगगाडी माझ्या बुटांची, त्याला मी आणि मेणबत्तीवाला सारखे.

बैठक दर तीन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी असते, एका धुलाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून वाफेचा आणि साबणाचा वास येतो, मशीन जोरात फिरलं की जमीन थरथरते आणि एखादी चिठ्ठी भिंतीवरून सुटते. एका भिंतीवर चिठ्ठ्या, दुसऱ्या भिंतीवर पाण्याच्या पिंपाच्या वर काचेच्या चौकटीत बारा नियम. नियम बारक्याच्या हातचे. शाळेत अक्षराला बक्षीस मिळालेलं त्याला, ते वाया गेलं नाही म्हणायचं. मी लवकर पोचले होते, म्हणून पाणी पिता पिता पहिल्यांदाच सगळे वाचून काढले. नववा नियम वाचून ठसका लागला. "मंडळाच्या सभासदाच्या नातेवाइकाच्या मागणीचे गुण निम्मे धरावेत."

"हे काय रे?" मी विचारलं.

"घरच्यांची कामं आधी करतात असं कोणी म्हणायला नको," बारक्या म्हणाला. तिथे त्याला सगळे प्रमुख म्हणतात. तिथे तो शर्ट खोचतो.

"आणि घरच्यांची कधीच करत नाहीत असं म्हटलेलं चालतं?"

"ताई, प्लीज. इथे नको."

माणसं जमली. सहा-सात खोलीत, आणखी काही पडद्यावर चौकटींमध्ये. त्यातली दोनच लक्षात ठेवा. एक चष्मेवाली, कमी बोलणारी, प्रत्यक्ष काम बहुतेक तीच करते असा माझा पहिल्या पाच मिनिटांत अंदाज झाला, कारण सगळे बोलत होते आणि ती टाइप करत होती. दुसरा एक उत्साही गृहस्थ, त्याला मी मनात फुगेवाला नाव ठेवलं. त्याची चिठ्ठी अशी होती की गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली की पडद्यावर वरून रंगीत कागदांचे तुकडे पडावेत. वाढदिवसाला उडवतात तसे. एवढंच. तुकडे पडतील, थांबतील.

"कशासाठी?" मी विचारलं.

"आनंद," फुगेवाला म्हणाला.

मग गणित सुरू झालं. प्रत्येक मागणीला गुण काढायची त्यांची पद्धत आहे: किती दुकानांना लागेल गुणिले किती आनंद होईल भागिले किती कष्ट पडतील. आनंद एक ते पाचमध्ये. तो कोण मोजतं असं मी विचारल्यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवळात चपला घालून आले. "अंदाजानं," बारक्या म्हणाला.

रंगीत कागद: तीन हजार दुकानं, आनंद दोन, कष्ट एक. सहा हजार गुण. टाळ्या.

डावा-उजवा: एक दुकान, आनंद पाच, कष्ट आठ. शून्य पूर्णांक सहाशे पंचवीस. मग नातेवाईक म्हणून निम्मे. बारक्यानं फळ्यावर तो भागाकार शेवटच्या आकड्यापर्यंत करून दाखवला. माझ्या सख्ख्या भावानं. पाच आनंद दिला म्हणून मी आभार मानावेत की काय, असा त्याचा चेहरा होता.

"एक दुकान म्हणजे एक माणूस नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे कितीतरी लोक येतात. त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नाही."

पडद्यावरचे कपवाले म्हणाले, "पण ताई, आमच्या दुकानात हे दिसलं तर लोक विचारतील, कपाला डावा-उजवा कुठून आला?"

"मग तुमच्याकडे दिसू नये. माझ्याकडे दिसावं."

"तो अपवाद झाला," बारक्या म्हणाला. "अपवाद वाढले की सॉफ्टवेअर जड होतं."

"माझा पाय अपवाद आहे, बारक्या. त्याला मी काय करू? कापून सारखे करू दोन्ही?"

खाली मशीन फिरायला लागलं, जमीन थरथरली, आणि माझी चिठ्ठी तिसऱ्यांदा खाली पडली. या वेळी मी उचलली नाही.

त्यानंतर मतदान. प्रत्येकाला दहा गोल ठिपके देतात, चिकटणारे. ज्या चिठ्ठीवर हवे तिथे लावायचे. पाहुणी म्हणून मलाही दहा मिळाले. मी वाकून चिठ्ठी उचलायला गेले तर बारक्या पुटपुटला, "ताई, सहावा नियम. स्वतःच्या मागणीला स्वतः मत देता येत नाही."

आता सांगा, माणसानं करायचं काय! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी ताडताड भिंतीपाशी गेले आणि दहाच्या दहा ठिपके फुगेवाल्याच्या रंगीत कागदांवर लावले. एकेक, दाबून दाबून. "घ्या," म्हटलं, "होऊ द्या आनंद. माझं दुकान बुडतंय, त्यावरही उधळा."

कोणाला टोमणा कळेल तर शपथ. फुगेवाला धावत येऊन माझा हात हलवायला लागला. पडद्यावरचे टाळ्या वाजवायला लागले. एकजण म्हणाला, "हीच खरी वापरकर्ती. स्वतःपलीकडे बघते." रंगीत कागद पहिल्या नंबरावर आले. टिपेचा रकाना काढणं दुसऱ्यावर. मी पिशवी उचलली. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि त्या लोकांसमोर ते मला मुळीच येऊ द्यायचं नव्हतं. शाळेतल्या बाई डोळ्यांसमोर येत होत्या. पुढच्या वर्षी त्या पान उघडतील, रकाना शोधतील, आणि पान बंद करतील. फोन त्या करणार नाहीत, आणि मलाही करता येणार नाही. परत कापूस.

"एक मिनिट," चष्मेवाली म्हणाली. दोन तासांत पहिल्यांदा.

टिपेचा रकाना काढायचं काम तिच्याकडे आलं होतं. काही काढायच्या आधी ते मुळात कोणी आणि का घातलं हे बघायची तिची सवय. त्यांच्याकडे जुनी नोंद असते. सॉफ्टवेअरमध्ये कोणीही काडी इकडची तिकडे केली तरी तारीख, नाव आणि कारणाची एक ओळ त्यात कायमची राहते. खोडता येत नाही. तिनं ती नोंद मागे मागे नेली होती.

"हा रकाना आठ वर्षांपूर्वी घातलाय," ती म्हणाली. "त्याच दिवशी, त्याच बदलात, दुसरं काहीतरी काढलंय. वाचू का?"

"कशाला?" बारक्या म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

तिनं वाचलं. तिचा आवाज बातम्या वाचल्यासारखा सपाट आहे, म्हणून जास्त लागलं.

"डावा-उजवा वेगळं माप काढून टाकलं. चालत होतं, पण बाकीच्या दुकानांना अडचण होते म्हणतात. तात्पुरता टिपेचा रकाना दिला आहे. ताईला नंतर सांगतो."

खाली नाव बारक्याचं.

मी पिशवी खाली ठेवली. खोलीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या चहाच्या कपात काहीतरी महत्त्वाचं दिसायला लागलं.

"कच्चा नमुना होता म्हणालास," मी म्हटलं. "बसत नाही म्हणालास."

बारक्याचा खोचलेला शर्ट एका बाजूनं बाहेर आला होता. "तेव्हा नवीन लोक नुकतेच आले होते, ताई. ते म्हणाले, हे घरगुती वाटतं. हे काढलं तर आम्ही थांबतो. मी... तू रागावशील म्हणून."

"आठ वर्षं?"

"रोज वाटायचं उद्या सांगू. मग चिठ्ठ्यांची पद्धत निघाली. म्हटलं, तुझी चिठ्ठी वर आली की आपोआप होऊन जाईल. कोणाला काही सांगायला नको."

"आणि वर येऊ नये म्हणून निम्मे गुण कापलेस."

"ते... मी घरच्यांचं बघतो असं वाटू नये म्हणून," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण बाहेर आलेला शर्ट परत खोचायला लागला. मला राग आलाच होता, पण सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. चार वर्षं मी माझ्याच हक्काची वस्तू अर्ज करून मागत होते, आणि मिळाली नाही तर माझंच काहीतरी चुकत असेल, असं मला वाटायचं.

"मग हे मतदानातच यायला नको होतं," चष्मेवाली म्हणाली. तिनं बोट पिंपाच्या वरच्या चौकटीकडे केलं. "चौथा नियम."

सगळ्यांनी माना वळवल्या. फुगेवाल्यानं मोठ्यानं वाचलं, आनंदात. "जे आधी चालत होते व आपल्यामुळे बंद पडले, त्यास मते व गुण लागत नाहीत. ते सर्वांत आधी दुरुस्त करावे. ज्याने बंद पाडले त्यानेच दुरुस्त करावे."

"पण ते आठ वर्षांपूर्वीचं..." कपवाले म्हणाले.

"नियमात मुदत नाही," चष्मेवाली म्हणाली.

बारक्या चौकटीकडे बघत होता. अक्षर त्याचंच, बक्षिसाचं. मग तो वाकला, जमिनीवरची माझी चिठ्ठी उचलली, एक्केचाळीस आकडा खोडला आणि सगळ्यात वर चिकटवली. डिंक नव्हताच उरलेला. टाचणी लावावी लागली.

सोमवारी सकाळी लॅपटॉप काखोटीला मारून तो दुकानात हजर. मी नुसतं स्टूल पायानं पुढे सरकवलं. तेच टेबल. त्यावर त्याच्या जुन्या कपाचा गोल डागही तोच. मी एका बाजूला तळवे शिवत होते, तो दुसऱ्या बाजूला टाइप करत होता. दोन दिवस आम्ही "चहा हवाय?" आणि "नको" एवढंच बोललो. रागाला येऊन अबोला धरायची आमच्या घरात जुनी पद्धत आहे, आणि आम्ही दोघंही त्यात तयार.

मंगळवारी दुपारी म्हणाला, "झालं. एक खोटी ऑर्डर टाकून बघूया."

मी आरी हातात तशीच धरून त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. त्यानं एक तपकिरी बूट निवडला. खाली दोन रकाने उघडले. डावा. उजवा. आठ वर्षांनी बघत होते, तरी एखादा माणूस गावाहून परत आल्यासारखं वाटलं.

मला न विचारता त्यानं टाइप केलं. डावा ३७. उजवा ३४.

माझी मापं. माझी शाळा संपायच्या सुमारास आईबरोबर दुकानात तो दुकानदाराला माझ्या आधी ओरडून सांगायचा, तीच. काही बोलू नये असं वाटत होतं, पण चुकीचं माप मला सहन होत नाही, धंदाच तसा आहे.

"डावा अडतीस," मी म्हणाले.

"काय?"

"अडतीस झालाय. उजवा लंगडतो, सगळा भार याच्यावर. पसरला."

"कधीपासून?"

"असतील पाच-सहा वर्षं."

त्यानं वाकून टेबलाखाली माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ बसून सातचा आठ केला आणि ऑर्डरचं बटण दाबलं.

आणि पडद्यावर वरून लाल, निळे, पिवळे कागदाचे तुकडे पडायला लागले. फुगेवाल्यानं रविवारीच उरकलं होतं, त्याला कष्ट एकच होते ना. माझ्या दहा ठिपक्यांचा आनंद धो धो पडत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता.

बारक्या त्या तुकड्यांकडे बघत म्हणाला, "ताई, तुला एक सांगायचं होतं. फार दिवसांचं राहिलंय. ते डावा-उजवा मीच..."

मला सगळं माहीत होतं. खोलीभर माणसांनी ऐकलं होतं. पण त्यानं मला अजून स्वतःहून सांगितलं नव्हतं.

"सांग," मी म्हणाले, आणि आरी खाली ठेवली.